ठकूचं वल्हं

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. किती, ते विचारू नका. डोहवाडी नदीच्या अल्याड आणि बाजार, कचेरी, सरकारी दवाखाना सगळं पल्याड. मधल्या पाण्यावर एकच होडी चालायची, ती ठकू भोईणीची.

ठकू दिसायला काटकुळी, पण जिभेला अशी धार की तिनं अल्याडून दिलेली शिवी पल्याडच्या माणसाला स्वच्छ ऐकू जायची. असं म्हणतात, की भर पुरात ती होडी घालायची आणि नदीला दरडावायची, "सर बाजूला!" आणि नदी सरायची. आता नदी सरायची, की पाणी कुठं उथळ आहे ते ठकूला ठाऊक होतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गावाला नदी सरलेलीच आवडते.

डोहवाडीच्या काळ्या रानात साप उदंड. पण तो शब्द तोंडातून काढायची सोय नाही, नाव घेतलं की येतो म्हणे. त्याला म्हणायचं लांबडं, आणि तो कुणाला चावला तर म्हणायचं, पान लागलं. पान लागलेल्या माणसाला उचलून भैरोबाच्या देवळात निजवायचं. मग शिदू भगत त्याला कडुलिंबाचा पाला चारायचा, अंगारा लावायचा, बाहेर ताशा कडाडायचा. आणि सगळ्यांत मोठा दंडक असा, की पान लागलेल्या माणसानं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं तर देवानं घातलेला बांध तुटतो आणि विष सरळ डोक्यात चढतं. आता बघा, दवाखाना नदीपल्याड आणि दंडक हा असा! पण तेव्हा हे कुणालाच खटकलं नाही. ठकूलाही नाही.

ठकूचा नवरा भिवा. बांधावरचं गवत कापताना त्याला पान लागलं. देवळापासून होडी हाकेच्या अंतरावर बांधलेली, वल्हं ठकूच्याच खांद्यावर. देवळाच्या फरशीवरून भिवा बायकोकडं बघून म्हणाला, "ठके, पल्याड सोड की मला." आणि ठकू म्हणाली, "गप पडून ऱ्हावा. देव बघतोय."

दिवस मावळायच्या आत भिवा गेला. भगत म्हणाला, काळच आला होता. गाव म्हणालं, काळच आला होता. ठकूनंही मान हलवली.

मग एकदा दवाखान्याचा कंपाउंडर तिच्या होडीत बसला. बोलता बोलता सहज म्हणाला, की विषावरची सुई दवाखान्यात असते, माणूस वेळेत आणला तर पुष्कळदा वाचतो. असं म्हणतात, त्या क्षणी होडी मधोमध उभी राहिली आणि नदीही वाहायची थांबली. नदी कशाची थांबते! ठकूचे हात थांबले होते. कंपाउंडरनं चारदा हाक मारली तेव्हा कुठं ते हलले.

पुढच्या सुगीत कुंभाराघरची नवी सून हौसा गोवऱ्या काढायला गेली आणि गोवऱ्यांच्या बुडाला बसलेल्या लांबड्यानं तिच्या हाताला धरलं. पोर देवळात आणली. ताशा सुरू झाला. तो ऐकून ठकू वल्ह्यासकट देवळात शिरली आणि म्हणाली, "उचला पोरीला. पल्याड न्यायची."

ताशा थांबला. शिदू भगत काही लबाड माणूस नव्हता. त्याचा जीव तळमळत होता. तो म्हणाला, "ठके, पाणी ओलांडलंस तर मधोमध मरंल ती."

"मरू दे मधोमध. माझा हितं मेला, ह्या दगडावर. त्याला कुठलं पाणी आडवं आलं हुतं, बाबा?"

कुणीतरी ओरडलं, पोर मेली तर तुला चेटकीण म्हणून गावाबाहेर काढू. ठकू म्हणाली, "काढा. नदी तुमच्या बापाची न्हाई. तिच्यावर ऱ्हाईन." आणि तिनं हौसाला पाठुंगळी घेतलं. कुणी हात लावला नाही. फक्त हौसाची सासू पारूबाई ऊर बडवत मागं धावली आणि होडी सुटता सुटता आत येऊन पडली.

असं म्हणतात, त्या दिवशी वल्हं पाण्याला लागलंच नाही, होडी वाऱ्यावर गेली. असं म्हणतात, मागून नागांची रांगच्या रांग फणे काढून पोहत आली आणि ठकू वळून म्हणाली, "या की! तुमालाबी सुई टोचून आणते." सांगणारे हे सगळं सांगतात. एक गोष्ट मात्र सांगत नाहीत, ती ऐका. मधोमध आल्यावर हौसानं डोळे मिटले, पारूबाईनं हंबरडा फोडला आणि ठकू भ्याली. दंडक खरा निघाला तर? भगत बरोबर असला तर? लहानपणापासून अंगात मुरलेली भीती ती, एका कंपाउंडरच्या बोलण्यानं थोडीच जाते! पण हात वल्हवत राहिले, आणि तोंड हौसाला शिव्या घालत राहिलं, "डोळं उघड, ए भवाने, सासूला रडवतीस व्हय!"

हौसा वाचली. हाताला पांढरी पट्टी बांधून, त्याच होडीतून, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून ती परत आली. काठावर सगळं गाव उभं होतं. ठकूला वाटलं, सुटलं गाव. कळलं सगळ्यांना.

कळलं कसलं कपाळ! दुसऱ्या दिवशी ती काठावर आली तर होडीला हळदकुंकू, वल्ह्याला दोरे, पुढ्यात नारळ. गावानं ठरवून टाकलं होतं, की गुण होडीचाच आहे, तिच्या लाकडानं विष उतरतं. सुईचं नाव कुणी काढेना. शिदू भगतानं तर जाहीरच केलं, की भैरोबा देवळातून उठून ठकूच्या वल्ह्यात जाऊन बसला. ठकूनं कुंकू धुतलं, त्यांनी पुन्हा लावलं. तिनं दोरे तोडले, त्यांनी नवे बांधले. शेवटी ती कंटाळली. म्हणाली, लावा मेल्यांनो, कुंकवानं होडी बुडत नाही.

तिथंच चुकलं.

ठकू भाचीच्या हळदीला शेजारच्या वाडीला गेली होती. होडी काठाला बांधलेली. मागं केरबा गुराख्याला पान लागलं. त्याला कुणी देवळात नेलं नाही हो, सरळ होडीतच नेला. होडीत निजवला, वल्ह्याला हार घातला, बायका होडी झोके दिल्यासारखी हलवत बसल्या, शिदू भगत शेजारी पाण्यात उभा राहून अंगारा फुंकत होता. गावात वल्हवता येणारे भोई का कमी होते? पण होडीचा दोर सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. निरोप मिळाल्यावर ठकू चिखल तुडवत धावत आली. केरबाची बायको तिला बघून हसली. खरंच हसली. म्हणाली, "ठकूबाय, तुमच्याच होडीत निजवलाय. आता भ्या न्हाई न्हवं?"

ठकूनं केरबाच्या कपाळाला हात लावला. ते गार होतं.

ती होडीतच बसली, त्याच्या पायाशी. मग उठली, कमरेचा विळा काढला आणि वल्ह्यावरचं कुंकू खरवडायला लागली. खरवडता खरवडता बोलली ते सगळ्या गावानं ऐकलं.

"तुमी देवाला भिता. भुताला भिता. पाण्याला भिता. जितं माणूस मरतंय, त्याला तेवढं भीत न्हाई. मग ऐका! आजवर मी भूत मानलं न्हाई. पण मेल्यावर मी भूत हुणार. ह्याच काठाला बसणार. पान लागलेल्या माणसाला जो देवळात अडवंल, जो होडीत निजवून पूजंल, त्याच्या मानगुटीवर बसणार. नारळानं उतरणार न्हाई. कोंबड्यानं उतरणार न्हाई. मला कुंकू लावंल त्याचं तर घरच धरीन. मी कशानं उतरंन? दवाखान्याच्या पायरीला माणसाचं पाऊल लागलं, की उतरंन."

असं म्हणतात, निरभ्र आभाळात वीज कडाडली. वीज नाही नि बीज नाही. पण शिदू भगत पांढराफटक पडला, हे मात्र खरं. बाईनं भूत व्हायची शपथ घेतलेली त्यानं उभ्या जन्मात ऐकली नव्हती. पुढं ठकू म्हातारी झाली तरी तिच्या होडीत पान लागलेलं माणूस आलं, की ताशेवाला, भगत, सगळे बाजूला सरायचे. ती गेली त्या दिवशी होडी आपोआप सुटून पल्याडच्या घाटाला जाऊन लागली, असं म्हणतात. लागली असेल. तिला वाट पाठ होती.

आता पूल झालाय. पुलाच्या तोंडाशी ठकूचं वल्हं सिमेंटात उभं केलंय. त्याला हळद नाही, कुंकू नाही, हार नाही. म्हणून डोहवाडी सुधारली असं समजू नका. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात, पायात काळा दोरा घालतात, सकाळी उठून मोबाइलवर राशिभविष्य बघतात. भीती कुठं जाते हो! घर बदलते, कपडे बदलते आणि तिथंच राहते. पण ठकूनं तिला एका कामाला जुंपलंय आणि तेवढं एक काम ती चोख करते. कुणाला पान लागलं, की आरोळी उठते, "ठकू उठली!" वरात असो, मोर्चा असो, पुढाऱ्याची गाडी असो, पूल मोकळा होतो. आणि दवाखान्याकडं सगळ्यांत आधी जीप काढतो कोण? शिदू भगताचा पणतू. देवळाचा पुजारी तोच आहे. मानगूट त्यालाही आहे की!

मध्ये शहरातले एक पाहुणे व्याख्यानाला आले होते. वल्ह्याची हकिगत ऐकून म्हणाले, "पण ही सुद्धा अंधश्रद्धाच झाली ना?"

हौसाच्या घरातली म्हातारी पुढंच बसली होती. ती म्हणाली, "हाय की! मग? आदी बाकीच्या घालवा. समद्या गेल्या, की आमीच सांगू ठकूला, नीज बाय आता, झालं तुझं काम."

पाहुणे हसले आणि निघताना सवयीनं वल्ह्यासमोर थांबले. हात जुळायला आले होते. तेवढ्यात पुलावरून जाणाऱ्या बायकांनी त्यांना हटकलं. डोहवाडीत पाहुणा असो, नवी नवरी असो की बोलायला शिकलेलं पोर असो, त्या वल्ह्यापाशी सगळ्यांना हेच ऐकवतात.

"हात जोडू नको. पाय उचल."