इनास बिअरचं सामान आणतो

वसईच्या बाजूला केळीच्या वाड्यांचं एक गाव होतं. त्या गावात इनास नावाचा एक भोळा माणूस राहायचा. अंगानं दणकट, मनानं साफ. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही आणि सांगितलेला शब्द कधी विसरायचा नाही. पंचाईत होती ती तेवढीच.

त्याचं लग्न ठरलं लुदवीनशी. लुदवीनचे वडील संतावमामा. त्यांची सगळी नोकरी बिअरच्या कारखान्यात बॉयलरपाशी गेली. बिअर दुसरे बनवायचे, मामा वाफ बनवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. एकुलत्या एका मुलीच्या लग्नात पाहुण्यांना आपल्या हातची बिअर पाजायची. तीही बाजारचा तयार पाक आणून नाही, अख्ख्या धान्यापासून. मोड आणून वाळवलेला सातू त्यांनी भरडून ठेवला होता. सामान मात्र काहीच नव्हतं. मामांचे गुडघे दुखायचे, म्हणून सामान आणायचं काम होणाऱ्या जावयाकडं आलं.

"बाबा, दुसऱ्या कुणाला तरी सांगा," लुदवीन म्हणाली.

"उद्या घर चालवायचंय त्याला. पातेलं आणता येत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं."

हे इनासनं ऐकलं. मामांचा एकही शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवून टाकलं.

मामा म्हणाले, "आधी पातेलं आण. मोठं बघ. सगळा रस एकदम उकळला पाहिजे."

इनासनं गावातलं सगळ्यात मोठं पातेलं डोक्यावर घालून आणलं. चुलीवर ठेवून पाणी ओतलं, तर चूल विझली. पातेल्याच्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक होतं.

"हे काय आणलंस?"

"मोठं आणलं, मामा."

"अरे, भांडं घेताना आधी पाणी भरून बघायचं. गळलं तर डाग देऊन भोक बुजवायचं आणि मग आणायचं."

"बरं मामा," इनास म्हणाला आणि त्यानं ते लक्षात ठेवलं.

मग मामांनी त्याला चाळणी आणायला धाडलं. धान्य गरम पाण्यात भिजवायला जी पेटी आणायची होती तिच्या तळाशी बसेल अशी, पत्र्याची, बारीक भोकांची. म्हणजे रस खाली उतरेल आणि धान्य वर राहील. सकाळी गेलेला इनास दिवेलागणीला परत आला. डोळे लाल झाले होते.

"एवढा वेळ कुठं होतास?"

"दुकानदार लबाड निघाला, मामा. पाणी ओतलं तर थेंब राहीना. डाग देणारा मधेच कंटाळून जेवायला गेला, पण मी तिथून हललो नाही. आता ओतून बघा."

मामांनी तांब्याभर पाणी ओतलं. पाणी चाळणीत काठोकाठ उभं राहिलं.

लुदवीन पदर तोंडाला लावून आत गेली. मामा खिळा आणि हातोडी घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक भोक मोकळं करू लागले. ठोकता ठोकता म्हणाले, "इनास, आपलं डोकं चालवू नकोस. ज्याची वस्तू असेल त्याला विचार, तुम्ही ही कशी वापरता म्हणून. तो सांगेल तशीच आण."

"बरं मामा."

पुढं पेटी हवी होती. ज्या पेटीत बर्फ थंड राहतो त्याच पेटीत गरम धान्यही गरम राहतं, हे मामांना कारखान्यात कळलं होतं. पास्कूबाय मासळी विकायची. तिच्याकडं तळाशी नळ असलेली एक जादा पेटी होती. इनासनं तिला विचारलं, "बाय, तुम्ही ही कशी वापरता?"

"कशी म्हणजे? खाली बर्फ, त्यावर मासळी, वरून परत बर्फ. झाकण घट्ट."

घरी मामा कडकडीत पाण्याची बादली घेऊन तयार होते. भरडलेला सातू बाजूला होता. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. आतून बोंबील बघत होते.

त्या दिवशी जेवण फार चांगलं झालं. बिअर झाली नाही.

हात धुताना मामा म्हणाले, "ह्या कामात स्वच्छता आधी. पुढची वस्तू उकळत्या पाण्यात बुडवल्याशिवाय घरात आणायची नाही."

"बरं मामा."

पुढची वस्तू म्हणजे थर्मामीटर. मामांना लांब दांड्याचा हवा होता, इनासनं डॉक्टरांकडचा ताप मोजायचा आणला. आणला म्हणजे त्याचं वरचं टोक आणलं.

"बाकीचा कुठाय?"

"उकळत्या पाण्यात घातला तेव्हा बारीकसा आवाज झाला, मामा. पण आता अगदी स्वच्छ आहे."

मामांनी ते टोक केरात टाकलं. जन्मभर बॉयलर सांभाळला, आता वाफेवरूनच अंदाज घेऊ, असं त्यांनी ठरवलं. आणि इनासला बजावलं, "नाजूक वस्तू जपून आणायची. दोन्ही हातांनी धरायची. सरळ ठेवायची. कुठं वाकता कामा नये."

"बरं मामा."

मग तांबटाकडून तांब्याच्या नळीचं वेटोळं आणायचं होतं. उकळलेल्या रसात ते बुडवायचं आणि नळीतून गार पाणी सोडायचं, म्हणजे रस झटकन निवतो. इनास निघाला तेव्हा लोक अंगणात येऊन बघू लागले. त्याच्या दोन्ही हातांत एक नळी होती. नळीचं पुढचं टोक मामांच्या दारात पोचलं, तेव्हा इनास अजून पास्कूबायच्या घरापाशी होता.

"तांबटानं पार वाकडी करून ठेवली होती, मामा. दुपारभर ठोकून सरळ केली. कुठंही वाकलेली नाही, हात फिरवून बघा."

मामांनी हात फिरवला. खरंच कुठं वाकलेली नव्हती. मग त्यांनी ती नळी माडाच्या बुंध्याला परत गुंडाळायला घेतली आणि अंधार पडेपर्यंत गुंडाळत राहिले.

"आता एवढंच कर," ते हळू आवाजात म्हणाले. "वस्तू जशी असेल तशी आण. तिला काहीही करू नकोस."

"बरं मामा."

एवढं होऊनही एके दिवशी बिअर चुलीवर चढली. सातूचा गोड रस चाळणीतून उतरला, डाग दिलेल्या पातेल्यात हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळला, वेटोळ्यानं निवला आणि यीस्ट घालून पिंपात गेला. वाडीभर वास सुटला. दुसऱ्या दिवशी पिंपात बुडबुडे यायला लागले. मामा पिंपाला कान लावून बसायचे. एकदा लुदवीनला बोलावून म्हणाले, "ऐक. एवढी वर्षं वाफ केली, आज पहिल्यांदा बिअर केली." त्यांचे डोळे भरून आले होते.

आता बाटल्या तेवढ्या राहिल्या होत्या. इनासनं भंगारवाल्याकडून पोतंभर आणल्या, जशा होत्या तशा. एकीत रॉकेल होतं, एकीत फिनेल. एकीत पाल होती, तीही जशी होती तशी.

मामा चिडले नाहीत. त्यांनी इनासला शेजारी बसवलं. "नीट ऐक. आत जे असेल ते ओतून टाकायचं. तळाला गाळ असेल तो घासून काढायचा. वास जाईपर्यंत धुवायचं. मग उन्हात पालथं घालायचं. आलं ध्यानात?"

"बरं मामा."

आणि ह्या वेळी इनासनं अगदी तसंच केलं. बाटल्या कट्ट्यावर पालथ्या घातल्या, अशा चकचकीत की मामा बघतच राहिले. "शाबास, जावईबापू," ते म्हणाले. इनासला शाबास म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्याला रात्रभर झोप आली नाही.

लग्न ठरलेल्या तारखेलाच झालं, हे आधीच सांगून टाकतो. लुदवीन म्हणाली, सांगितलेलं ऐकणारा नवरा गावात दुसरा नाही, सांगणारं माणूस तेवढं नीट पाहिजे. पण पाहुण्यांना लग्नात लिंबाचं सरबत मिळालं. ते का, तर लग्नाच्या आदल्या दिवशी मामा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. जाताना इनासला म्हणाले, "आज बाटल्या भरायच्या आहेत. मी येईपर्यंत जरा पिंपाकडं बघ."

दुपारी मामा पाहुण्यांना घेऊन आले. वाटभर बिअरचीच गोष्ट चालली होती. दोघातिघांनी तर पिशवीतून आपापले ग्लासही काढले होते. अंगणात येऊन सगळे थांबले. बाटल्यांच्या शेजारी, कट्ट्यावर, उन्हात, पिंप पालथं घातलेलं होतं.

इनास बाह्या वर करून उभा होता. नखशिखांत भिजलेला.

"बरं झालं बघायला सांगितलंत, मामा," तो म्हणाला. "आत भलतंच काहीतरी साठलं होतं. वर फेस, खाली बोटभर गाळ, आणि वास तर जाता जात नव्हता. सगळं ओतून, घासून लख्ख केलंय. आता तुमची बिअर खुशाल भरा."