पाठकोरे कागद

आमच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षांपुढे डोकं फोडावंसं वाटतं. दिवंगत इतिहासकार सबनीस गुरुजींची टिपणं सात पेट्यांत आहेत; सगळी पाठकोऱ्या कागदांवर, कारण नवा कागद विकत घेणं त्यांना उधळपट्टी वाटे. अध्यक्षांना मात्र त्या पेट्यांच्या जागी स्वतःची सन्मानचिन्हं मांडायची होती.

"जुन्या पत्रकांची रद्दी कसली जपता? उद्याच्या उद्या विकून टाका!" ते गरजले.

तीन वर्षं ते कागद लावून कंबर मोडलेल्या कुमुदताईंनी पेटीतलं एक पत्रक त्यांच्यापुढे धरलं. मागच्या बाजूला, आता बुजवलेल्या बारवेतल्या शिलालेखाची एकमेव नक्कल; पुढच्या बाजूला, स्वतःच्या पहिल्या निवडणुकीतले हात जोडलेले अध्यक्ष.

"विकते की, साहेब. फक्त यातली रद्दी कुठली बाजू, तेवढं लिहून द्या."

सन्मानचिन्हं अजून अध्यक्षांच्या घरीच आहेत.