गोड गुटी

एकदा एक वृद्ध वैद्यबुवा होते. "पंचक्रोशीत माझ्या गुटीसारखी गुटी नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत. "चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही मूल दगावलेलं नाही!" आणि मग मिशीतल्या मिशीत हसून स्वतःच पुस्ती जोडीत, "निदान तक्रार घेऊन कोणी परत आलेलं नाही." बुवांचे शिक्षण दोन इयत्तांचे. तिसरीत गुरुजींच्या तपकिरीत त्यांनी सुंठ मिसळली आणि त्या शिंकांबरोबर त्यांचा विद्याभ्यासही उडाला. मुळ्या मात्र ते डोळे मिटून, नुसत्या वासावर ओळखीत.

त्यांची एक शिष्या होती. वय पस्तिशीचे, वाचन बुवांच्या दसपट, आणि उजवे मनगट कायम सुजलेले. कारण त्या घरची रीत. बाळगुटी आयती द्यायची नाही. प्रत्येक मुळी सहाणेवर उगाळायची, हळकुंडाचा एक वळसा, मुरडशेंगेचे दोन, असे मोजून. आणि बाळाच्या ओठाला लावण्यापूर्वी उगाळणाऱ्याने बोटभर स्वतः चाटायचे. दिवसाला वीस-पंचवीस बाळे येत. संध्याकाळी तिला भाकरी थापायचेही त्राण उरत नसे.

एके दिवशी बुवा रानात मुळ्या शोधायला गेले असताना एक ओळखीचा व्यापारी तयार गुटीच्या डझनभर बाटल्या घेऊन आला. केशरी रंग, वेलदोड्याचा वास, वर्षभर ठेवली तरी बिघडत नाही म्हणे.

"बाई, किती दिवस दगड घासत बसणार? सगळं झाडपाल्याचंच आहे. अपाय होणारच कसा?"

शिष्येने आपल्या मनगटाकडे पाहिले आणि बाटल्या ठेवून घेतल्या. दुपारी नदीपलीकडच्या कुंभारवाड्यातली आजी वीस दिवसांच्या नातवासाठी गुटी मागायला आली. शिष्येने एक बाटली तिच्या हातावर ठेवली. चाटून पाहायचा तिला अगदी कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी बुवा परतले. "हे सरबत कुठून आलं गं?" म्हणत त्यांनी एका बाटलीत बोट बुडवले, चाटले, आणि बराच वेळ जीभ टाळ्याला लावून बसले. मग खिडकीबाहेर थुंकले.

"कोणाला दिलंस?"

"त्या व्यापाऱ्याकडून घेतलं. दिलं एकालाच, कुंभाराच्या नातवाला. का हो?"

ओट्यावर सहाजण ताटकळत बसले होते. त्यांना हात जोडून बुवा म्हणाले, "मंडळी, आज वैद्यालाच बरं नाही," आणि त्यांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. शिष्येला काही उमजेना. कुणाची तक्रार नाही, बोलावणे नाही, आणि हा म्हातारा कुरकुरते गुडघे घेऊन भर उन्हात दीड कोस निघाला!

"बुवा, निरोप धाडू या ना."

"निरोप्या वाटेत दोन ठिकाणी चहा पितो. चल."

कुंभारवाड्यात बाळंतीण दारातच हसऱ्या तोंडाने सामोरी आली. "काय गुण आहे हो बाई तुमच्या गुटीला! वीस दिवसांत काल पहिल्यांदा डोळ्याला डोळा लागला माझा. पहाटे पुन्हा पाजली. तेव्हापासून उठलाच नाही हा. दूध दाटून आलंय, पण उठेल तर शपथ!"

शिष्येने दारातूनच आतल्या पाळण्याकडे पाहिले.

बुवांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हशीची बाटली इकडे आली वाटतं!"

"म्हशीची?"

"पान्हा चोरणाऱ्या म्हशीच्या नाकात घालायची असते ती!"

बाळंतिणीने किंचाळून बाटली आणली आणि शिष्येच्या हातात आदळली. "एवढी शिकलेली बाई तू, आणि म्हशीचं औषध माझ्या लेकराला?" शिष्येने मान खाली घातली. आपण न चाटताच व्यापाऱ्याची बाटली दिली, हे सांगायची तिची छाती नव्हती.

तोवर बुवांनी बाळाला मांडीवर घेतले होते. तळव्यांना टिचक्या मारल्या, ओला पदर कपाळावरून फिरवायला लावला. काही नाही. पुन्हा टिचकी. पुन्हा काही नाही. शिष्या त्या इवल्या छातीकडे पाहत राहिली. अखेर बाळाचे नाक आक्रसले, तोंड वाकडे झाले, आणि त्याने घोगऱ्या आवाजात असे काही भोकाड पसरले की आळीतली कुत्री भुंकू लागली. दुकानात रोज कान किटवणारा तसलाच आवाज ऐकून शिष्येला रडू कोसळले.

बाळ दोनदा पोटभर पिईपर्यंत दोघे तिथेच बसून राहिले. निघताना बुवांनी आजीला बाजूला घेऊन खरे काय ते सांगितले आणि बजावले, "मान टाकली, तर माझ्याकडे नाही, थेट तालुक्याच्या दवाखान्यात."

परतताना नदीकाठच्या खडकावर बुवा मटकन बसले. बाटली त्यांनी उपरण्यात बांधून घेतली होती. उद्या ती व्यापाऱ्यापुढे ठेवायची होती.

"बुवा, म्हशीचं खोटं कशाला? आणि खरं काय होतं त्यात?"

"दारातच अफू म्हटली असती तर ती ओली बाळंतीण तिथंच खचली असती. गोडवा विरला की खाली कडू उरतं, ते अफूच्या बोंडाचं. झाडपाल्याचंच की! धोतरासुद्धा झाडालाच लागतो. झाड कोणतं, किती, आणि कुणाच्या पोटात, एवढं ज्यानं पाहिलं नाही त्यानं काहीच पाहिलं नाही. हा रंग आईच्या डोळ्यांसाठी, वास आजीच्या नाकासाठी, आणि वर्षभर टिकणं व्यापाऱ्यासाठी. बाळाच्या वाट्याला काय? त्याला तोंडाने सांगता येत नाही. रडणं एवढीच त्याची तक्रार, आणि या गुटीनं पहिल्यांदा तीच बंद केली. म्हणून सांगतो, बाई, ज्या औषधाची तक्रार येत नाही, त्याला मी जास्त भितो."

शिष्येने सुजलेले मनगट नदीच्या पाण्यात धरले. मग दमलेल्या आवाजात म्हणाली,

"चाळीस वर्षांत तुमच्याकडे तक्रार घेऊन कोणी परत आलं नाही म्हणता, बुवा. तुम्ही किती घरी विचारायला गेलात? की आजचं हे पहिलंच?"