दरबारातला पहिला प्रश्न

एका राज्यात दरबाराची एक रीत होती. सकाळी भालदार पहिला प्रश्न पुकारी, "खजिना कसा आहे?" मग सैन्य, मग शिकार. तळ्याची पाळी येईतो राजा ताटावर बसलेला असे. आता तळ्याचं कोण विचारतं! ते आपलं भरलेलंच होतं की.

एके दिवशी मांत्रिक आला. म्हणाला, "राजा, तळ्याकाठची कदंबाची राई दे. कधी न सरणारा मोहरांचा हंडा घे."

राजा म्हणाला, "दिली."

राई तुटली. तळं भरलेलंच राहिलं, पण वाकून पाहावं तर पाण्यात चेहरा दिसेना. आणि ते पाणी जो पिई, त्याचा चेहरा झिजे; देव्हाऱ्यातला जुना टाक झिजावा तसा. आधी लेकरांचा.

जिवाई कोळणीच्या चंपीच्या भुवया गेल्या, मग ओठ, मग नाक. ज्या नाकावरून आई तिला "नकटे" म्हणून हाक मारी, त्याच नाकासाठी आता रडे. उठल्याबरोबर लेकीच्या तोंडावरून हात फिरवी, काय उरलंय ते चाचपी.

उजाड काठावर टिटवी होती. जिवाईने विचारलं, "उपाय काय गं?"

टिटवी म्हणाली, "तीनदा दरबारी जा. एकदा घागरी न्या, एकदा लेकरं न्या. तिसऱ्यांदा काही नेऊ नका. हात जोडू नका, उगारूही नका. राजाने आपणहून तळ्याचं आधी विचारलं, तर शाप तुटेल."

बायका घागरी घेऊन गेल्या. राजा हसला. "पाणी तर काठोकाठ आहे. घागरीच फुटक्या असतील!"

मग लेकरं नेली. राजाने तोंड फिरवलं. "झाकून आणायची होती."

प्रधान कुजबुजला, "महाराज, रयत सगळी एकसारखी दिसते. कर कुणाकडून घ्यावा?"

"सगळ्यांकडून दोनदा घ्या."

तिसऱ्यांदा सारं राज्य आलं. तेली आले, साळी आले. राजाचा आचारी चूल विझवून आला, पहारेकरी भाले ठेवून रांगेत उभे राहिले. कुणी हात जोडले नाहीत, उगारलेही नाहीत. भालदार उठला, तर त्याचं तोंड हनुवटीपर्यंत सपाट. प्रश्न कोण पुकारणार?

हंड्यात मोहरा आपोआप वाजू लागल्या. मांत्रिक म्हणाला, "राजा, खजिन्याचं विचार. लवकर!"

राजाने मोहर उचलली. तिच्यावरचा त्याचा चेहरा पुसला होता. त्याने आपल्या गालावर हात ठेवला. पुढे चंपी उभी होती. एकच डोळा उरला होता, तोही मिटत होता.

राजा सिंहासनावरून उतरला, तिच्यापुढे वाकला.

"तळं... तळं कसं आहे, बाळ?"

चंपीला ओठ फुटले. आवाज मात्र तिचा नव्हता, खोल होता.

"तहानलंय."

मांत्रिक वाळल्या पाल्यासारखा उडून गेला. मोहरांचं कदंबाचं बी झालं. राजाने ते स्वतः पेरलं, रयतेने शिंपलं. रोपांची पहिली सावली पाण्यावर पडली, तसा तळ्याने ज्याचा चेहरा त्याला परत दिला. चंपीलाही मिळाला, नकट्या नाकासकट.

राजाचा चेहरा तेवढा नव्या मोहरांवर परतला नाही. तिथे आता कदंबाचं पान असतं. भालदार आधी तळ्याचं विचारतो, आणि तळ्याकडून उत्तर येईतो राजा बसत नाही.

ऐकणाऱ्यांचे रांजण भरलेले राहोत, पाण्यात ज्याचं तोंड त्याला दिसो.