इवली आणि नवा तांब्याचा बंब

सरकून बसा, बाळांनो. मांडीला मांडी लागू दे. थंडीची गोष्ट आहे, ती जवळ बसूनच ऐकायची.

एक होतं गाव. गावात एक घर. घरात तानूकाका आणि हौसाकाकू. अंगणात त्यांची कोंबडी. कोंबडीची सात पिल्लं.

सातवं पिल्लू म्हणजे इवली. इवली केवढी? एवढीश्शी! लिंबाएवढी!

थंडी पडली की पिल्लं आईच्या पंखाखाली शिरायची. एक शिरलं. दोन शिरली. तीन, चार, पाच, सहा शिरली. पंख संपला! इवली राहिली बाहेर.

पण इवली रडायची नाही. ती जायची न्हाणीपाशी. तिथे होता काकूचा जुना बंब. पोटात पाणी. मधे नळी. नळीत लाल लाल निखारे. खळखळ खळखळ पाणी तापायचं. इवली बंबाला टेकायची, डोळे मिटायची आणि गुडूप झोपायची.

एक दिवस काय झालं? तानूकाकांनी घाई केली. काका म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बंबात पाणी भरलंच नाही, आणि नळीत निखारे टाकले.

तड! तड! तडाड!

बंबाचे सांधे सुटले. बंब गेला. इवलीची उबेची जागा गेली.

काकूने कपाळाला हात लावला. "अहो, आधी पाणी, मग विस्तव! कितींदा सांगायचं?"

मग आले तांबटमामा. त्यांनी नवा बंब आणला. लखलख लखलख! तीन पाय, एक तोटी, डोक्यावर टोपी. ठाक ठाक ठुक! बंब न्हाणीपाशी बसवला. मामांनी हलवून पाहिला. हलेना, डुलेना.

"झालं काम," मामा म्हणाले. "पण ध्यानात ठेवा. आधी पाणी, मग विस्तव!"

इवली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. बंबाला टेकली.

अगं आई गं! बंब तर गार गार!

कुडकुड कुडकुड. इवली म्हणाली,

"बंबदादा, बंबदादा, ताप ना!
इवलीची थंडी जाईना!"

बंब म्हणाला, "मी नाही तापणार. माझं पोट रिकामं. काकूने पाणी भरलं, तर मी तापेन."

इवली गेली काकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काकू, काकू, पाणी भर ना!
बंब तापेना,
इवलीची थंडी जाईना!"

काकू म्हणाली, "कुठनं भरू गं बाय? ही बघ रिकामी घागर. विहिरीवरचा रहाट फिरला, तर मी पाणी भरेन."

इवली गेली रहाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"रहाटबाबा, रहाटबाबा, फिर ना!
काकू पाणी भरेना,
बंब तापेना,
इवलीची थंडी जाईना!"

रहाट म्हणाला, "कुर्र, कुर्र! मी नाही फिरणार. माझं अंग गंजलंय. तेलीमामांनी तेल दिलं, तर मी फिरेन."

इवली गेली तेलीमामांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा, मामा, तेल द्या ना!
रहाट फिरेना,
काकू पाणी भरेना,
बंब तापेना,
इवलीची थंडी जाईना!"

तेलीमामा म्हणाले, "कुठनं देऊ गं लेकी? घाणा बंद हाय. माझा ढवळ्या बैल रुसून बसलाय. ढवळ्या उठला, तर मी तेल देईन."

इवली गेली ढवळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. अबब! केवढा मोठा बैल! त्याच्या खुराएवढी पण इवली नव्हती. तरी ती मान वर करून म्हणाली,

"ढवळूदादा, ढवळूदादा, ऊठ ना!
मामा तेल देईना,
रहाट फिरेना,
काकू पाणी भरेना,
बंब तापेना,
इवलीची थंडी जाईना!"

ढवळ्या म्हणाला, "हम्माऽऽ! मी नाही उठणार. माझ्या कानात गोचीड चावते. साळुंकीने गोचीड काढली, तर मी उठेन."

इवली गेली साळुंकीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बांधाच्या भिंतीत, अगदी खालच्या भोकात, साळुंकीचं घरटं होतं.

"साळुंकीताई, साळुंकीताई, ये ना!
ढवळ्या उठेना,
मामा तेल देईना,
रहाट फिरेना,
काकू पाणी भरेना,
बंब तापेना,
इवलीची थंडी जाईना!"

साळुंकी म्हणाली, "मी कशी येऊ गं? माझी दोन बाळं बघ. अंगावर एक पीस नाही. त्यांना थंडी वाजते. त्यांच्याखाली घालायला कुणी मऊ पिसं दिली, तर मी येईन."

आता? आता इवलीने कुठे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

इवलीने घरट्यात डोकावलं. दोन उघडी बाळं. कुडकुड कुडकुड. थंडी म्हणजे काय, ते इवलीला चांगलं ठाऊक होतं. तिने आपल्याच अंगाकडे पाहिलं. तिथे होती मऊ मऊ पिसं. थोडीशीच होती. तिला स्वतःलाच पुरत नव्हती.

इवलीने चोच खुपसली.

एक पीस. दोन पिसं. तीन पिसं.

"घे साळुंकीताई. बाळांना घाल."

इवलीची थंडी तर आणखीच वाढली हो! पण बाळं पिसांवर लोळली आणि चिवचिवली. साळुंकीचे डोळे भरून आले. "किती गुणाची गं तू!" असं म्हणून ती उडाली. भुर्रर्र!

साळुंकीने गोचीड काढली. टुच्च!

ढवळ्या उठला. झटकन!

घाणा फिरला. गरगर गरगर!

तेल गळलं. टप टप टप! मामांनी बुधली भरली आणि निघाले. नवा बंब कसा आहे, ते त्यांनाही बघायचंच होतं! ढवळ्या मागोमाग. साळुंकी त्याच्या पाठीवर. इवली सगळ्यांच्या पुढे. तुरुतुरु तुरुतुरु.

मामांनी रहाटाला तेल घातलं. कुरकुर थांबली. रहाट फिरला.

काकूने पाणी भरलं. एक घागर, डुबुक! दोन घागरी, डुबुक! तिसरी आणायला काकू विहिरीवर गेली.

आणि तेवढ्यात कोण आलं? तानूकाका! हातात पळी. पळीत लाल लाल निखारे. काकांना धीर कुठला?

निखारे किती जवळ! इवलीला कशी छान धग लागली. वाटलं, टाकू देत काकांना. आत्ता लगेच ऊब मिळेल.

पण बंब अजून भरला नव्हता. हाही बंब गेला तर?

इवली टुणकन उडी मारून बंबासमोर उभी राहिली. दोन्ही पंख पसरले. पंख कसले, दोन पाकळ्याच त्या!

"च्यूं! काका, थांबा! आधी पाणी, मग विस्तव!"

काका एका पायावर थांबले. काकू घागर घेऊन आली आणि खो खो हसली. "बघा! एवढ्याशा पिल्लाला कळतं!"

काकांनी जीभ चावली. "चुकलो बाई, चुकलो."

तिसरी घागर, डुबुक! बंब काठोकाठ भरला.

मग काकांनी निखारे टाकले. हळूच. फुंकर घातली. फूऽऽ फूऽऽ!

बंब तापला! खळखळ खळखळ!

काकूने नव्या बंबाला हळदकुंकू लावलं. तोटी सोडली. मामांना पाय धुवायला गरम पाणी दिलं. ढवळ्याची मान गरम फडक्याने पुसली. हम्माऽऽ! त्याला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

इवली सगळ्यांपुढे उभी राहिली. सगळ्यांना वाकून म्हणाली,

"साळुंकीताई आली,
ढवळूदादा उठला,
मामांनी तेल दिलं,
रहाट फिरला,
काकूने पाणी भरलं,
बंब तापला,
इवलीची थंडी पळाली!
तुमचे सगळ्यांचे खूप खूप उपकार!"

"आमचे कसले गं?" साळुंकी म्हणाली. "पहिली तीन पिसं तर तुझीच."

काकूने बंबापाशी गोधडीचा तुकडा घातला. "ही जागा इवलीची. कुणी उठवायचं नाही हं."

इवली टेकली. आहाहा! डोळे मिटणार, इतक्यात कुणीतरी म्हणालं, "च्यूं?"

इवलीने पाहिलं. सहा भावंडं ओळीने उभी. मागे आई. आई म्हणाली, "इवले, पंखाखाली तुला जागा झाली नाही गं कधी. आम्हाला इथे होईल का?"

इवली सरकली.

"या ना, आई! पंख संपतो. बंब तर गोल आहे. कुठेही टेका, जागाच जागा!"

एक टेकलं. दोन टेकली. तीन, चार, पाच, सहा टेकली. आई टेकली. आणि मधोमध कोण? इवली!

निखारे लाल, पाणी गरम, पिल्लं नरम. गोष्ट आपली इथेच पेंगली. तुम्हीही टेका हं आता.