मारताना काय म्हणाला?

"मार तो मार, वस्ताद. त्याच्यामागं मनात काय हुतं, ते कोर्टाला कशाला पायजे?"

रणधीर तालमीत शिरला तो हे विचारतच. आदल्याच दिवशी यात्रेच्या मैदानात त्यानं कुस्ती मारली होती आणि अंगात अजून हलगी वाजत होती.

दत्तोबा वस्ताद आखाड्याची तांबडी माती उकरत होते. फावडं काही थांबलं नाही.

"कुणाचा मार?"

"सुहासचा. आपला जोडीदार हाय त्यो."

बाजारात चहाची गाडी लावणाऱ्या सारिकाला सुहासनं भरदिवसा मारलं होतं. ती मुलगा म्हणून जन्मली आणि बाई म्हणून राहते, एवढाच काय तो तिचा गुन्हा. रणधीर तिथंच उभा होता आणि उद्या त्याची साक्ष होती.

नव्या कायद्यात असल्या द्वेषापोटी केलेल्या मारहाणीला जादा शिक्षा होती. कुणाचा जीव कुणावर जडतो, कोण बाई म्हणून जगतो नि कोण पुरुष म्हणून, यावरून हात उचलला तरीसुद्धा. त्यामुळं वकील नेमकं एकच विचारणार होते, मारताना तो काय म्हणाला?

"थपडा सांगतो की," रणधीर म्हणाला. "शब्द कशाला? शब्दानं काय हाड मोडतं व्हय?"

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"लंगोट चढव."

रणधीरचा चेहरा उजळला. वस्ताद स्वतः मातीत उतरणं म्हणजे दिवाळीच. पोरं धावत आखाड्याच्या कडेला आली. शड्डू घुमले. म्हातारं खाली वाकलं कधी, रणधीरच्या काखेत शिरलं कधी, कुणाला कळलंच नाही. धाडकन आवाज झाला तेव्हा रणधीर आभाळाकडं तोंड करून पडला होता.

तो खदाखदा हसत उठला. "पुन्यांदा, वस्ताद!"

पुन्हा आपटला. गुडघा सोलला, तोंडात माती गेली. तरी गडी हसतोच आहे, आणि सगळी तालीम त्याच्याबरोबर हसते आहे.

मग वस्तादांनी दोन बोटं त्याच्या गालाला नुसती टेकवली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"घरोघरची भांडी घासणारीचं पोरगं तू. ही माती तुझ्यासारख्यांची न्हवं. चल, चालता हो."

रणधीरच्या कानशिलात आग उसळली. मुठी वळल्या. ज्या पायांवर तो रोज डोकं ठेवायचा, त्याच माणसाचा गळा धरावासा वाटला त्याला. वर डोळ्यांत पाणी आलं, त्याची चीड वेगळीच.

"लागलं?" वस्तादांनी विचारलं.

"...लागलं."

"मघाशी आपटला तवा?"

"तवा न्हाई."

वस्तादांनी कडेला बोट दाखवलं. दोन पोरं मान खाली घालून आपले कपडे गोळा करत होती. त्यांच्याही आया लोकांच्या घरी कामाला जायच्या.

"त्यांना तर मी हातबी लावला न्हाई," वस्ताद म्हणाले.

रणधीरनं त्या पोरांकडं बघितलं. मग एकदम बोलू लागला, शब्दावर शब्द पडत होते.

"वस्ताद, सारिकासारख्या आणखी दोघी बाजारात गजरं विकायच्या. त्या दिवसापासनं त्याबी दिसल्या न्हाईत. मला वाटलं, गावाला गेल्या असतील..."

वस्तादांनी त्या दोन पोरांना हाताला धरून परत आणलं, मातीत बसवलं. मग स्वतःचा कान पकडला.

"सांजच्याला तुमच्या तिघांच्याबी आयांची माफी मागाय येतो."

रणधीरनं त्यांचे पाय धरले.

"सांगतो, वस्ताद. उद्या समदं सांगतो. खरं... लई घाण शब्द हाईत ते. भर कोर्टात तोंडातनं काढायची लाज वाटती मला."

"तुझी न्हवं ती," वस्ताद म्हणाले. "ज्याची हाय, त्याला उद्या पोचती कर."