मागे गेलेला सेकंदकाटा

मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची ही गोष्ट. कुंदा हर्डीकर मॅडम आम्हाला मोबाइलवर व्हिडिओचं संकलन, म्हणजे कापणं-जोडणं, शिकवत होत्या. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब थेट वर्गात घुसले.

"हे तर शेंबडं पोरही करतं!" ते गरजले. "यात शिकवायचं काय? हा विभाग बंद करायचा. चालू ठेवायचा नाही!"

मॅडम मात्र शांत होत्या. सरावासाठी आमच्या वर्गातल्या संघमित्राच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. मॅडमनी तो मोबाइल मागून घेतला आणि म्हणाल्या, "साहेब, पाचच मिनिटं बसा."

पाच मिनिटांनी वर्गातल्या पडद्यावर भाऊसाहेब दिसले. तोच आवाज, तोच तोरा: "हा विभाग चालू ठेवायचा. बंद करायचा नाही!"

भाऊसाहेब ताडकन उठले. "मी असं बोललोच नाही!"

"खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या निवडणुकीत तुमचा असा व्हिडिओ फिरला, तर तो खोटा आहे हे कोण दाखवून देणार?"

तेव्हा संघमित्रा उठली. "सर, पडद्यावर तुमच्या डोक्यामागचं घड्याळ बघा. 'बंद' म्हणताना सेकंदकाटा मागे जातोय."

मॅडमनी व्हिडिओ पुन्हा लावला. काटा खरोखरच मागे गेला.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, व्हिडिओ शेंबडं पोरही कापतं. कुठे कापलाय, ते ओळखायला आम्ही शिकवतो."

भाऊसाहेब संघमित्राला म्हणाले, "पोरी, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू कर. हा विभाग बंद करायचा नाही. आणि हे वाक्य कुणी कापायचं नाही."